समुपदेशकाची परीक्षा ओपीडीत घ्या

मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग, नवी दिल्ली



२०२१ च्या कायद्याने आपल्या आयोगाकडे सोपवलेल्या कामांमध्ये एक काम फार मोलाचं आहे. सरकारी दवाखान्यात गेलेल्या माणसाला समोर कोण भेटेल, हे पुढची कित्येक वर्षं त्या कामावर ठरणार आहे. ते काम म्हणजे शिक्षण संपताना घ्यायची एक्झिट किंवा परवाना परीक्षा. कायद्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याच्या गटात एचआयव्ही समुपदेशक, कुटुंबनियोजन समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते यांच्याबरोबर 'इंटिग्रेटेड बिहेवियर हेल्थ काउन्सेलर' हेही नाव आहे. डॉक्टर, सिस्टर, लॅब आणि औषधांची खिडकी जिथे आहे तिथेच बसायचं, आणि अंगदुखी, शुगर, बीपी घेऊन आलेल्या माणसाच्या मनाचीही विचारपूस करायची, असं हे काम. कायद्यात हे नाव आलं याचा मला मनापासून आनंद झाला.

मी मानसशास्त्राच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपवर देखरेख करते. मुलं-मुली ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत जातात, त्यांच्याबरोबर मी बसते, त्यांचं काम बघते. या कामाला कोण तयार झालं आहे हे आपण कशावरून ओळखणार, एवढाच माझा प्रश्न आहे. पत्र जाहीर लिहिते आहे, कारण त्याचं उत्तर प्राध्यापकांना, वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या मुलांच्या घरच्यांनाही हवं आहे.

आज आपण काय मोजतो ते आधी सांगते. लेखी पेपर असतो. चाचण्यांचं जर्नल असतं. केस रिपोर्टची स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल असते आणि तिच्यावर तोंडी परीक्षा होते. बाहेरची परीक्षक म्हणून मी अशा पुष्कळ फाइली वाचल्या आहेत. केस सुबक लिहिलेली असते, कौटुंबिक वंशावळ पट्टीने आखलेली असते, सिद्धान्त बरोबर लावलेला असतो. त्या फाइलीतल्या माणसाशी विद्यार्थी प्रत्यक्ष कसा बोलला हे मात्र कोणीही पाहिलेलं नसतं. एमबीबीएसच्या मुलाला शेवटच्या वर्षी परीक्षकासमोर पेशंट तपासावा लागतो, पोटावर हात ठेवून काय लागतं ते सांगावं लागतं. समुपदेशनाच्या विद्यार्थ्याला पेशंट समोर नसतानाच पदवी मिळते.

हे किती महागात पडतं याचा एक प्रसंग सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एका ग्रामीण रुग्णालयातली एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजारांची, ओपीडी. पन्नाशीच्या एक बाई, मधुमेह जुना, शुगर काही केल्या खाली येत नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केसपेपरवर 'समुपदेशन' एवढंच लिहून त्यांना आमच्याकडे पाठवलं. माझी विद्यार्थिनी हुशार, विद्यापीठात वरच्या नंबराची. खोलीत ओआरएसचे खोके रचलेले, दाराला कडी नाही. तिने फॉरमॅटप्रमाणे सुरुवात केली: जन्म कुठे, बालपण कसं, लग्न केव्हा, घरात कोण कोण. बाई सगळ्याची नीट उत्तरं देत होत्या, पण त्यांचा डोळा घड्याळाकडे होता, कारण गावाकडची एसटी दुपारी एकची आणि पुढची थेट संध्याकाळी. बोलण्याच्या ओघात त्या म्हणाल्या, सुगीत पहाटे पाचला शेतात जावं लागतं, मग सकाळची गोळी राहते. आणखी म्हणाल्या, पोरगा पुण्याला गेल्यापासून झोप नाही, कशातच जीव रमत नाही. विद्यार्थिनीने दोन्ही वाक्यं उतरवून घेतली आणि पुढचा प्रश्न विचारला, 'शाळेत कितवीपर्यंत होतात?'

तेवढ्यात डॉक्टर दारातून डोकावले, 'काय म्हणतायत मावशी?' तिने लहानपणापासून सांगायला घेतलं. बाहेर रांग होती. 'बरं, लिहून ठेवा,' म्हणून ते गेले. मग मी खुर्ची पुढे ओढली, बाईंना जगणं नकोसं वाटतं का, तसे विचार येतात का ते विचारलं, सकाळच्या गोळीचं डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि पुढची तारीख ठरवली. हीच केस पुढे फाइलीत आली आणि तिला उत्तम गुण मिळाले. फाइल होतीही उत्तमच.

त्याच तुकडीत दुसरी एक मुलगी होती, गुणांनी मध्यम. तिच्याकडे असाच पेशंट आला तेव्हा तिने आधी विचारलं, 'किती वाजता निघायचंय तुम्हाला?' मग विचारलं, 'डॉक्टरांनी काय सांगितलंय?' झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, नंतर आवाज जरा खाली आणून मरणाच्या विचारांचं विचारलं. पाव तासात ती डॉक्टरांच्या टेबलाशी उभी होती. 'सर, गोळ्या बंद नाहीत, सकाळची तेवढी चुकते, वेळ बदलता येईल का? झोप दीडेक महिना नाही. मरणाचे विचार नाहीत, विचारलंय. पुढच्या मंगळवारी मी परत बघते.' डॉक्टरांनी केसपेपर ओढला आणि गोळीची वेळ बदलली.

या दोघींमधला फरक आपल्या परीक्षेत दिसला पाहिजे. आज तो दिसत नाही, आणि दिसतो तो उलटा दिसतो.

परीक्षा लेखी, बहुपर्यायी ठेवण्याचा मोह होईल हे मी समजू शकते. ती स्वस्त पडते, देशभर एका दिवशी घेता येते, निकालावर कोर्टकचेरी कमी होईल असं वाटतं. पण वैद्यकशिक्षणाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. स्कॉटलंडमध्ये डंडीला रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली ओस्की पद्धत मांडली. विद्यार्थी एकेका टेबलापाशी जातो, तिथे ठरलेलं काम करून दाखवतो, परीक्षक ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देतो आणि घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या टेबलाकडे सरकतो. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या सांगितल्या: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि रोजच्या कामात खरोखर करणं. आपल्याकडचं समुपदेशनाचं मूल्यमापन दुसऱ्या पायरीवरच थांबतं. दवाखान्यातलं काम चौथ्या पायरीवर असतं.

कायदा तासांची अट घालतो. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २००० तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३६००. अट हवीच. पण ओपीडीच्या कोपऱ्यात बसून रजिस्टर भरलेला तास आणि पेशंटशी बोललेला तास हजेरीपत्रकावर सारखाच दिसतो.

दुसरा एक मार्ग परदेशी विद्यापीठांत रूढ आहे, तो म्हणजे विद्यार्थ्यालाच प्रश्नावली देणं. इतर व्यवसायांच्या विद्यार्थ्यांबरोबर शिकण्याची तयारी मोजणारी रिपल्स ही १९ विधानांची मापनपट्टी १९९९ पासून जगभर वापरली जाते. संघात काम करण्याविषयी मुलांना काय वाटतं, शिकवण्याचा परिणाम कोणत्या दिशेने होतो आहे, हे कळायला अशा पट्ट्या उपयोगी आहेत, मीही वापरते. परवान्यासाठी मात्र त्या चालणार नाहीत. एक तर परवाना पणाला लागला असताना 'मला टीममध्ये काम करता येतं' या विधानापुढे कोणीही 'पूर्ण सहमत' यावरच खूण करील. दुसरं कारण अधिक खोल आहे. दवाखाना न पाहिलेला विद्यार्थी स्वतःला भरपूर गुण देतो. चार महिने तिथे काढल्यावर त्यालाच कळतं की आपल्याला काय काय येत नाही, आणि तो स्वतःला कमी गुण देतो. कागदावर तयारी घटलेली दिसते, प्रत्यक्षात ती वाढलेली असते. ज्या मापात शहाणपण आल्यावर गुण उतरतात त्या मापावर कोणाचा परवाना ठरवू नये.

तयारी मोजण्याची रीत शोधायला फार लांब जायला नको. गोव्यात ती झालेली आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यात 'मानस' नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. १२ प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने यांत मिळून २७९६ रुग्ण त्यात होते. आरोग्यक्षेत्राचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन डॉक्टरांच्या जोडीला बसवलं. सरकारी केंद्रांत, ज्यांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार असल्याचं निदान पक्कं झालं होतं त्यांच्यापैकी ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. जिथे समुपदेशक नव्हता तिथे हा आकडा ४२.५ टक्के होता. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, कारण तिथे समुपदेशकाविनाही बरेच रुग्ण बरे होत होते. समुपदेशक त्याच प्रकारचे, प्रशिक्षण तेच, पण जागा बदलली आणि निकाल बदलला. या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे.

त्यानंतरच्या कामात 'संगत'ने मोजण्याची पद्धत आणखी पक्की केली. उमेदवारांना आधी प्रशिक्षण, मग भूमिका-अभिनयातून परीक्षा, मग खऱ्या रुग्णांबरोबर उमेदवारीचा काळ. या काळातल्या बैठकी ध्वनिमुद्रित होत, समुपदेशक गटाने बसून त्या ऐकत आणि ठरलेल्या मापनपट्टीवर एकमेकांना गुण देत. या सहकाऱ्यांचे गुण आणि तज्ज्ञांचे गुण यांचा मेळ चांगला बसतो असं दिसून आलं. तशा तयार झालेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठकींचा उपचार केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आलेले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के. म्हणजे ज्यांची तयारी ऐकून, बघून पारखली होती त्यांच्या हातून माणसं बरी झाली. समुपदेशन शिकवणाऱ्या माझ्यासारखीला याहून मोठा दिलासा दुसरा नाही.

नेपाळमध्ये ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'इनॅक्ट' ही मापनपट्टी मांडली. प्रशिक्षित व्यक्ती पेशंटची भूमिका करते, विद्यार्थी तिच्याशी बोलतो आणि परीक्षक बघतो: नीट ऐकलं का, धीर दिला का, गुप्ततेबद्दल सांगितलं का, स्वतःला इजा करण्याच्या विचारांची चौकशी केली का, घरच्यांचा आधार विचारात घेतला का. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२२ मध्ये खुल्या केलेल्या 'इक्विप' या मंचावर हे साहित्य मोफत मिळतं. त्यातली एक गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे: सगळ्यात खालची पातळी 'कौशल्य नाही' अशी नसून 'हानिकारक वागणूक' अशी आहे. 'एवढं काय मनाला लावून घेता' म्हणणं, सासूसमोर सुनेला घरातल्या मारहाणीचं विचारणं, उपासतापास सुचवणं, 'असे विचार करणं पाप आहे' म्हणणं. बेरीज कितीही चांगली असली तरी अशी एक गोष्ट घडली तर विद्यार्थी त्या वर्षी उत्तीर्ण होऊ नये.

'इनॅक्ट' समुपदेशनाची मूळ कौशल्यं मोजते. एकत्रित आरोग्यसेवेला त्यापलीकडचं काही लागतं, आणि ते आपल्यालाच बसवावं लागेल. माझ्या अनुभवावरून ती परीक्षा कशी असावी ते सांगते.

पहिल्या टेबलावर डॉक्टर विद्यार्थ्याच्या हाती पेशंट देतील, आजच्यासारखाच, केसपेपरवर एक शब्द लिहून. वेळ पंधरा मिनिटं. पेशंटची तक्रार छातीत धडधडण्याची, हातापायाला मुंग्या येण्याची, अशक्तपणाची असेल, कारण आपल्या ओपीडीत उदासी याच वाटेने येते. 'मला नैराश्य आलंय' म्हणत कोणी केसपेपर काढत नाही. विद्यार्थ्याने पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली तोंडी विचारावी. नऊच प्रश्न आहेत, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. परीक्षकाने तो नववा प्रश्न कान देऊन ऐकावा. कित्येक विद्यार्थी तो घाईने, मान खाली घालून, 'तसं काही नाही ना?' अशा सुरात विचारतात. त्या सुराला पेशंट 'नाही' एवढंच उत्तर देतो.

दुसऱ्या टेबलावर डॉक्टरांना एका मिनिटात सांगणं. काय आढळलं, धोका आहे का, डॉक्टरांकडून काय हवं, आपण काय करणार. इथेच एक अडचणही घालावी: डॉक्टर म्हणतील, 'झोपेची गोळी देऊन टाकतो, संपलं.' विद्यार्थी मान डोलावतो, हुज्जत घालतो, की आदराने पण ठामपणे आपलं म्हणणं मांडतो? दवाखान्याच्या उतरंडीत तरुण समुपदेशकाचा आवाज सगळ्यात खाली असतो. तो आवाज वापरता येणं ही शिकण्याची आणि मोजण्याची गोष्ट आहे.

तिसऱ्या टेबलावर फक्त एक केसपेपर आणि पेन. त्यासाठी मी जास्त वेळ मागते, कारण चांगली चांगली मुलं इथे चुकतात. आपल्याकडे ओपीडीचा केसपेपर पेशंटच्याच हातात असतो, आणि घरी गेल्यावर तो कोणाच्या हातात पडेल हे सांगता येत नाही. बाईने सांगितलं, नवरा मारतो. डॉक्टरांना हे कळायला हवं, कारण हाताची सूज पडल्याने आलेली नाही. तेच वाक्य केसपेपरवर गेलं तर रात्री नवरा ते वाचेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण कागदावर काय लिहायचं, तोंडी काय सांगायचं, रुग्णालयाच्या नोंदवहीत काय ठेवायचं आणि या सगळ्याला बाईची संमती कशी घ्यायची, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' यांनी मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. हिंसा सोसणाऱ्या बाईला रुग्णालयातच मदत कशी द्यायची याचं मोठं शहाणपण तिथे साठलं आहे. या टेबलावरचे प्रश्न काढायला त्या कामातल्या अनुभवी समुपदेशकांना बोलवा.

चौथं टेबल बघून अनेकांना आश्चर्य वाटेल. तिथे एक यादी असेल: नावं, तारखा, पीएचक्यूचे गुण. कोण आलं नाही, कोणाचे गुण दोन महिने तिथल्या तिथेच आहेत, कोणाला आज फोन करायचा आणि कोणाबद्दल मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायचं, ते विद्यार्थ्याने सांगायचं. अमेरिकेत युर्गेन उन्युत्झर यांच्या 'इम्पॅक्ट' अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, साठीच्या आणि त्यापुढच्या १८०१ रुग्णांना १८ दवाखान्यांत पाहिलं गेलं. एक वर्षाने, एकत्रित सेवा मिळालेल्या गटात ४५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली होती, दुसऱ्या गटात १९ टक्के. त्या यशात जसा संवादाचा वाटा होता, तसाच या यादीचाही होता: गुण उतरत नसतील तर उपचार बदलायचा, न आलेल्या माणसाला शोधायचं. आमच्या एकाही पेपरात हे शिकवलं जात नाही.

भाषेबद्दलही सांगायला हवं. लेखी परीक्षा इंग्रजी-हिंदीत घेता येईल, पण ही टेबलं पेशंटच्या भाषेत लागली पाहिजेत. वऱ्हाडात नोकरी करायची असेल तर वऱ्हाडी कानाला परकी वाटता कामा नये, गोव्यात कोंकणी यायला हवी. धडगाव-अक्कलकुव्यात पुण्याची मुलगी गेली तर आशाताई दुभाषी होतील. आशाताई त्याच पाड्यातल्या असतात, पेशंटच्या भावकीतल्याही असू शकतात. त्यांच्यासमोर काय विचारायचं आणि काय थांबवून ठेवायचं, हेही करून दाखवू द्या.

परीक्षक कोण? फक्त प्राध्यापक नकोत. ज्या सिस्टर रोज ओपीडी चालवतात त्यांना कोणता विद्यार्थी उपयोगाचा आहे ते आठवड्यात कळतं. वैद्यकीय अधिकारी हवेत. आणि आयसीटीसीमधले, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रांतले, जुने समुपदेशक हवेतच हवेत. आपल्याकडे एकत्रित आरोग्यसेवा नव्याने येते आहे असं बोललं जातं, ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. चाचणीआधी आणि चाचणीनंतर बोलणं, गरोदर बाईला पॉझिटिव्ह रिपोर्ट सांगणं, क्षयरोगाच्या पेशंटला एचआयव्ही चाचणीला आणणं, एचआयव्हीच्या पेशंटला टीबीच्या तपासणीला पाठवणं, एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्रात नाव लागलं की नाही याचा पाठपुरावा करणं, ही कामं ते वर्षानुवर्षं लॅब टेक्निशियनच्या शेजारच्या खोलीत बसून करत आले आहेत. तेच किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकमधल्या समुपदेशकांचं. यांतले पुष्कळ जण कंत्राटावर आहेत, त्यांना परीक्षक म्हणून कोणीच विचारलेलं नाही.

आता गोव्यातल्या त्या निकालाकडे येते. समुपदेशक त्याच प्रकारचे असून दोन ठिकाणी दोन निकाल आले, यातून मी एवढं घेते की तयारी एकट्या विद्यार्थ्यात नसते, ती जागेतही असावी लागते. म्हणून विद्यार्थ्याबरोबर रुग्णालयही मोजा. दार लागणारी खोली आहे का? पेशंट पाठवताना डॉक्टर दोन वाक्यं बोलतात का? आठवड्यातून एकदा सगळे बसून अवघड पेशंटबद्दल बोलतात का? मरणाचे विचार सांगणारा माणूस समोर असेल तर त्याच तासाला कोणाला फोन करायचा हे भिंतीवर लिहिलेलं आहे का? पर्यवेक्षक येतो का? मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ ने मानसिक आरोग्यसेवा सर्व स्तरांवर सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ज्या रुग्णालयात यातलं काहीच नाही तिथे इंटर्नशिपला मान्यता देऊ नये. दिली, तर तिथल्या विद्यार्थ्याच्या अपयशाचं खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर फुटतं. एका महाविद्यालयाने आमच्या शेजारच्या तालुक्यात पाठवलेली मुलं पूर्ण सत्रभर केसपेपर काढायच्या खिडकीवर बसली होती आणि त्यांना प्रशस्तिपत्रकं मिळाली. त्या मुलांना आज कोणी विचारलं की तुम्ही तयार आहात का, तर ती काय सांगणार?

खर्च आणि संख्या हा आक्षेप मला मान्य आहे, त्यावर उपाय आहेत. चारही टेबलं जिल्हा रुग्णालयात वर्षातून दोनदा लागू शकतात. भूमिका करायला गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांतली माणसं तयार करता येतील, त्यांना मानधन द्या. संभाषणं ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या जिल्ह्यातल्या परीक्षकाकडे पाठवता येतील, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्नही सुटतो. लेखी परीक्षा राहू द्या, पण ती दार उघडण्यापुरती, निम्म्याहून कमी वजनाची.

हे सगळं एवढ्या निकराने का मागते आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावपातळीवर सेवा नेली तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. लोक येतात. सेवा जवळ आली की कामाचा खाडा करूनही येतात. ज्यांनी शेतकरी आत्महत्यांची वर्षं सोसली, त्या गावांतून एखादी बाई धीर करून पहिल्यांदा बोलायला आली आणि समोरच्या मुलीला ऐकताच आलं नाही, तर ती दुसऱ्यांदा येत नाही. शेजारणीलाही येऊ देत नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत. एक्झिट परीक्षेचं स्वरूप अधिसूचित करण्याआधी महाराष्ट्रातला एक जिल्हा आणि गोवा इथे या चार टेबलांचा प्रयोग करा. त्यात लेखी गुण, टेबलावरचे गुण आणि सहा महिन्यांनंतर खऱ्या रुग्णालयात सिस्टर-डॉक्टरांनी दिलेला अभिप्राय यांची तुलना करा आणि निकाल, तो काहीही येवो, जाहीर करा. तिसरी मागणी, परीक्षक मंडळात काम करणाऱ्या समुपदेशकांना निम्म्या जागा द्या.

प्रयोगासाठी विद्यार्थी हवे असतील तर माझे विद्यार्थी येतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. पहिल्या प्रसंगातली ती विद्यार्थिनीही येणार आहे. तिने गेल्या सत्रापासून पेशंटला निघायची वेळ आधी विचारायला सुरुवात केली आहे, आणि आपली परीक्षा अशीच व्हावी असं तिचंही म्हणणं आहे.

कळावे,
आपली नम्र,
ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांवर देखरेख करणारी एक मानसशास्त्रज्ञ